ओंडक्यांचा ठेका

"पाळकसाहेब, ओंडके मोजून आपटतात का?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज चष्मिष आणि शिडी या माझ्या दोन मैत्रिणींची होती. शाळेतून येताना पुलावर शिडी म्हणाली होती, "वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून मिरवतेस ना? मग विचारून दाखव. का नुसतं पाठ केलेलंच बोलता येतं?" आता तुम्हीच सांगा, हे कोण ऐकून घेईल? गेल्या वर्षापर्यंत मी हजेरी दिली तरी बाई गैरहजेरी मांडायच्या, इतका माझा आवाज बारीक होता. आणि आता पप्पा मला भोंगा म्हणतात. भोंग्याला असं डिवचायचं नसतं.

म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर, चर्चमध्ये सराव चालू असताना, मी वेदीसमोर उभी राहून विचारून टाकलं.

पाळकसाहेब हसले. ते नेहमीच हसतात. पण ते हसू जरा जास्तच वेळ चेहऱ्यावर राहिलं, पाहुणे गेल्यावरही बाहेरचा दिवा चालू राहावा तसं.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे आपण बाक वाजवतो ना, ठक ठक ठक, मग थांबतो. पुन्हा ठक ठक ठक, पुन्हा थांबतो. पुराच्या पाण्याला काय शिकवणी लावली होती, तीन मोजून थांबायची?"

मागच्या बाकावर चष्मिषनं वहीआड तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. पाळकसाहेबांचे हलले नाहीत.

"छान प्रश्न आहे," ते म्हणाले. "पण बाळ, गोष्ट म्हणजे घर असतं. घरात राहायचं. विटा उपसून बघायच्या नाहीत." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चल, पुन्हा पहिल्यापासून. आणि 'दार' म्हणायच्या आधी दम घे. लोकांना वाट बघू दे."

ती गोष्ट आमच्या चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बावन्न वर्षांपूर्वी भर दुपारी नदी रस्त्यांत शिरली. आमच्या मंडळीतली चाळीस माणसं चर्चमध्ये येऊन बसली. एका तरुणानं दाराला आगळ घातली, म्हणजे दारामागे आडवा टाकतात तो जाड लाकडी दांडा, आणि आगळीला पाठ लावून तो उभा राहिला. पुरातून वाहत आलेले ओंडके दारावर आपटत होते. इथे गोष्ट सांगणारी थांबते आणि सगळी मंडळी तळहातांनी बाक वाजवते. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे. ठक ठक ठक. ठक ठक ठक. मग सांगणारी विचारते, "आणि दार?" आणि छप्पर उडेल अशा आवाजात सगळे ओरडतात, "टिकलं!"

तो तरुण म्हणजे माझे आजोबा. पप्पांचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांची आगळ वेदीमागच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि लहानपणापासून लोक मला "आगळवाल्यांची नात" म्हणत आलेत. दरवर्षी पुराच्या रविवारी मंडळीतलं एक तरुण पोर ही गोष्ट सांगतं. यंदा मी.

मला निवडलं पाळकसाहेबांनी. ते दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आले. मी तेव्हा गीतांच्या पुस्तकामागे लपून ओठ हलवणारी होते. त्यांनी एकदा मला वाचन करायला उभं केलं, मी अडखळले, आणि उपासना संपल्यावर ते म्हणाले, "तुझा आवाज ऐकला की माणसं सरळ बसतात. तुला माहीत नव्हतं ना?" मला खरंच माहीत नव्हतं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर चालले. वक्तृत्वाचं बक्षीस, वर्गात हात वर करणं, रिक्षावाल्याशी हुज्जत, सगळं त्या वाक्यातून आलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हिला पाळकसाहेब पहिल्यापासून आवडत नसतील. आवडत होते. फार आवडत होते.

ते आले तेव्हा मंडळी सुकत चालली होती. अर्धे बाक रिकामे, निम्मी माणसं एकमेकांशी बोलत नसलेली. पाळकसाहेबांनी भाषण केलं नाही. सगळ्यांना सभागृहात गोल बसवलं, रंगीत कागद वाटले आणि विचारलं, "हे चर्च म्हटल्यावर तुम्हाला पहिली कुठली गोष्ट आठवते?" सगळ्यांनी पुराची लिहिली. मग म्हणाले, "आता त्या गोष्टीतली एक वस्तू काढा." कागद भिंतीवर लावले तर भिंतभर आगळीच आगळी. कोणी पायऱ्या काढल्या नव्हत्या, कोणी खिडकी काढली नव्हती. "बघा," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मी काही सांगितलं का? तुमची दृष्टी तुमच्यातच होती." बायका रडल्या. माझी आईसुद्धा. वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ त्या दिवशी एका स्कूटरवरून घरी गेले. मी सांगते ना, जादू होती ती.

आगळ हे चिन्ह ठरलं. "धरून ठेवू, टिकून राहू" हे वाक्य ठरलं. मग पितळेचे छोटे आडवे बिल्ले आले. आई शाळेचे गणवेश शिवते, तिच्याकडे मोठा पडदा शिवायचं काम आलं, निळ्या कापडावर सोनेरी आगळ. पप्पा सुतार, त्यांच्याकडे नवं दार आणि नवी आगळ. बाक भरले. उशिरा येणाऱ्याला जागा मिळेना.

मग दाराशी दोन जण उभे राहायला लागले. स्वागताला, म्हणे. ते आधी छातीकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. एका रविवारी चष्मिष बिल्ला घरी विसरली. दाराशी तिचा सख्खा काका होता. त्यानं तिला पहिलं गीत संपेपर्यंत पायरीवर उभं केलं. "नियम नाही गं," तो म्हणाला, "शिस्त." आम्ही सगळे हसलो. चष्मिषपण हसली. पण त्यानंतर ती बिल्ला लावूनच झोपते असं तिची आई सांगते, आणि हे सांगताना तिची आई हसत नाही.

मग पुलाखालच्या वस्तीतल्या मुलांसाठी गुरुवारी सभागृहात चालायचा तो अभ्यासवर्ग बंद झाला. तूर्तास. वस्तीतले लोक पाणी भरायचे त्या अंगणातल्या नळाला कुलूप आलं. तेही तूर्तास. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, "आधी आपलं घट्ट धरू या," आणि मान हलवताना बिल्ले चमकायचे.

बुधवारी सराव संपल्यावर पाळकसाहेबांनी मला रविवारची पत्रिका दिली. गोष्ट, मग लगेच ठराव. "तुझी गोष्ट संपली की मी एक शब्दही बोलणार नाही," ते म्हणाले. "'टिकलं' म्हणून झालं की हात वर. बस." ठरावात सात कलमं होती. मी घाईत वाचली. चौथं होतं: सभागृह यापुढे केवळ मंडळीच्या सभासदांसाठी. मी पत्रिका दप्तरात कोंबली आणि पळत बाहेर आले, कारण पैज जिंकले होते आणि शिडीला ते कधी सांगते असं झालं होतं.

शिडी आमच्या मंडळीतली नाही. ती पुलाखालच्या वस्तीत राहते. गेल्या वर्षी पुराच्या रविवारी मी तिला माझी पाहुणी म्हणून आणलं होतं आणि बाक वाजायला लागल्यावर ती माझ्या कानात म्हणाली होती, "हे ओंडके आहेत? हे तर कोणीतरी दार वाजवतंय." वर्षभर ते वाक्य तिनं सोडलं नाही आणि मी ते हसण्यावारी नेलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी पुलावर थांबलो. पुलाच्या खांबावर पाणी मोजायचे आकडे रंगवलेत, नऊपर्यंत काळे, त्यापुढे लाल. आम्ही रोज पैज लावतो. बुधवारी आठ होतं. आज पाणी आठ आणि नऊच्या मध्ये चॉकलेटी होऊन फिरत होतं आणि त्यात कोणाचं तरी प्लास्टिकचं स्टूल गरागरा फिरत होतं.

"आईनं कागदपत्रं पिशवीत भरलीत," शिडी म्हणाली. "पाणी लालवर गेलं की आम्ही दरवर्षीसारखं तुमच्या सभागृहात. यंदा पंखा लावा बाई, गेल्या वर्षी डासांनी माझं रक्त पिऊन पिऊन लेकरं वाढवली."

मी हसले. आणि हसता हसता चौथं कलम आठवलं.

"लावू की," मी म्हणाले. पहिल्यांदाच माझा भोंगा बसला होता. चष्मिष माझ्याकडे बघत होती. तिच्या घरीही पत्रिका आली होती.

त्या दुपारी मी पप्पांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे वरच्या रस्त्यावरची एक लांब पत्र्याची शेड, दोन यंत्रं, आणि नाकात जाणारा भुसा. चर्चचं जुनं दार, गोष्टीतलंच, काढून तिथं आणलं होतं. पप्पा त्यावरून नव्याची मापं घेत होते. दार दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुतारी तिवयांवर, आडवं पडलं होतं आणि पप्पांनी त्याचा रंग खरवडून काढला होता. ते जेवायला बसले. मी भुशाच्या पोत्यावर चढून सराव सुरू केला. "पुरातून वाहत आलेले ओंडके दारावर आपटत होते," असं म्हणत मी हात पसरला, आणि माझा हात बरोबर त्या दाराकडे झाला.

मी खाली उतरले. दारावरून हात फिरवला. बाहेरची बाजू वरच होती.

"पप्पा, खुणा कुठायत?"

"कसल्या?"

"ओंडक्यांच्या. इतके आपटले तर खोक पडेल, चेपेल. इथं तर काहीच नाही."

"बावन्न वर्षं झाली. रंग चढले."

"रंग तर तुम्ही काढलाय."

पप्पा घास चावत राहिले. मी दाराच्या खालच्या कडेला गेले. हे मला त्यांनीच शिकवलंय. गेल्या महिन्यात शाळेचं एक कपाट दुरुस्तीला आलं होतं, तेव्हा त्यांनी मला त्याचा तळ दाखवला होता: पाण्यात उभं राहिलेलं लाकूड लपवू शकत नाही, खालून काळं पडतं, सांधे फुगतात, खिळ्यांचा गंज रेषा ओढत वर चढतो. मी वाकून दाराची कड बघितली. स्वच्छ होती. बिस्किटासारखी फिकी. सांधा असा बसलेला की नखही जाणार नाही.

"पप्पा. हे दार कधी पाण्यात उभंच नव्हतं."

ते उठले. हात धुतले नाहीत. सरळ जाऊन रंध्याचं यंत्र चालू केलं आणि एक फळी त्यावरून सरकवायला लागले. कानठळ्या बसवणारा आवाज. फळीला रंधा लागायची गरज नव्हती, ती आधीच गुळगुळीत होती, माझ्या डोळ्यांना दिसत होतं. मी तिथेच उभी राहिले. शेवटी फळी संपली आणि त्यांना यंत्र बंद करावं लागलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मला लाकूड कळतं. बाकीचं मला विचारू नकोस."

"पाणी दारापर्यंत आलं नव्हतं, तर मग दारावर काय वाजत होतं?"

"तू गोष्ट पाठ कर," पप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "माझ्या बापाच्या नावावर आपल्याला चार माणसं ओळखतात. मला या चर्चनं त्याच्या नावावर काम शिकवलं, त्याच्या नावावर लग्न लावून दिलं. तू पण त्याच नावावर वेदीसमोर उभी राहतेयस. एवढं लक्षात ठेव."

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. बोलावलं नव्हतं. आईच्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत बसले, पडद्याचं टोक हातात घेऊन टाके निरखले, "वा, वहिनी, एकसारखे," म्हणाले. चहा घेतला. मग माझ्याकडे वळले.

"आमच्या भोंग्याला प्रश्न पडायला लागलेत, बरं का."

आई हसली. पप्पा हसले नाहीत. मी कारखान्यात काय पाहिलं ते पप्पांनी त्यांना सांगितलं होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

"पडू देत, वय आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण मोठी माणसं सांगतील ते ऐकायचं. ती उंच मुलगी, पुलाखालची, तुझी मैत्रीण ना? रोज पुलावर थांबता तुम्ही." ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "मैत्री करावी. पण आपलं काय आणि बाहेरचं काय, हे कळायला हवं. बिल्ला कुठाय तुझा?"

दप्तरात होता. त्यांनी तो मागून घेतला, उठले, आणि स्वतःच्या हातानं माझ्या गणवेशावर लावला. सावकाश. टाचणी कापडातून आत गेली तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता.

"दुसरी एक मुलगीही तयार करून ठेवलीय मी," ते म्हणाले. "पण मला तुझाच आवाज हवाय. तुझ्या घरातून ही गोष्ट आली ना, की कोणाचाच हात खाली राहणार नाही."

ते गेल्यावर आईनं कप उचलला. "किती माया लावतात," ती म्हणाली, आणि पप्पांकडे बघून पुन्हा म्हणाली, "लावतात की नाही?"

शुक्रवारी पाण्यानं नऊला हात लावला. शिडी त्या दिवशी शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता आत्याआजीकडे गेले.

आत्याआजी म्हणजे पप्पांची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. आयुष्यभर टेलिफोनच्या केंद्रात होती, दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. आता एकटी राहते आणि स्वतःच्या घरात फोन ठेवत नाही. "चाळीस वर्षं ऐकलं तेवढं पुरे," म्हणते. ती दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते. आणि ती बाक वाजवत नाही. मला वाटायचं, संधिवात असेल.

"आलीस? बस. दप्तर त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. तुझ्या बापाला दहादा सांगितलं. सुताराच्या घरची खुर्ची मोडकी आणि..."

"आत्याआजी, तू तेव्हा आत होतीस ना? पुराच्या दिवशी?"

ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. "अकरा वर्षांची होते."

"पाणी दारापर्यंत आलं होतं?"

"कोणी विचारायला पाठवलं?"

"कोणी नाही. पैजेवर विचारलं होतं आधी. आता माझं मी विचारतेय."

तिनं माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला, बराच वेळ. मग ताट बाजूला सरकवलं.

"खिडक्या उंच आहेत आपल्या," ती म्हणाली. "बाहेरचं दिसत नाही. म्हणून दादानं मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, बघ गं पाणी कुठवर आलंय. मी बघितलं. म्हटलं, तिसऱ्या पायरीवर आहे. वर अजून सहा पायऱ्या कोरड्या होत्या. आणि म्हटलं, दादा, दाराशी माणसं आहेत."

"कुठली माणसं?" मी विचारलं.

"वीटभट्टीवरची. सात. एक बाई होती, तिच्या कडेवर एक आणि हाताला एक. तिनंच वाजवलं. तीनदा वाजवायची, मग थांबायची. कान लावून ऐकायची, आतून कोणी येतंय का. मग पुन्हा तीनदा."

"मग आजोबांनी..."

"त्याच्या हातात होती आगळ. भट्टीवर तेव्हा तापाची साथ होती, लोक घाबरले होते. आत कोणीतरी म्हणालं, एकदा उघडलं की सगळेच शिरतील. कोणीतरी गीत सुरू केलं. मोठ्यानं. आणि दादानं मला खांद्यावरून खाली उतरवलं आणि म्हणाला, माणसं नाहीत ती. ओंडके आहेत." तिनं हात पदराला पुसले, कोरडे होते तरी. "त्याचा चेहरा मी बघितला गं. त्याला ते खरं वाटायला हवं होतं. मी अकरा वर्षांची. मला वाटलं, दादाला जास्त कळतं."

"आणि ती माणसं?"

"गीत संपलं तेव्हा वाजायचं थांबलं होतं. वरच्या रस्त्याला जायला खालच्या गल्लीतून निघाली असणार. गल्लीत पुरुषभर पाणी. दोघांची प्रेतं सापडली. पोरं नाही सापडली."

बाहेर कुठूनतरी कर्ण्याचा आवाज येत होता, गाडीतून कोणीतरी काठावरच्या लोकांना सावध राहायला सांगत फिरत होतं. शब्द नीट कळत नव्हते, नुसता सूर.

"मग ही गोष्ट?" मी विचारलं. "ही कोणी सुरू केली?"

"मी," आत्याआजी म्हणाली. "पुढच्या वर्षी संडेस्कूलच्या बाईंनी विचारलं, कोण सांगेल त्या दिवसाचं? मी उठले. म्हटलं, ओंडके आपटत होते. बाई म्हणाल्या, कसे गं? आणि मी बाक वाजवून दाखवला. जसं ऐकलं होतं तसं. पोरांना गंमत वाटली, त्यांनीही वाजवलं. मागे पालक उभे होते. एकाही माणसानं म्हटलं नाही, की पोरी, ओंडके असे वाजत नाहीत. चाळीस जणांना तो ठेका माहीत होता, आणि चाळीसही जण माझ्याबरोबर वाजवायला लागले." तिनं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "त्या दिवसानंतर मी हात लावला नाही बाकाला. पण सांगितलंही नाही. दादा जिवंत होता तोवर त्याच्यासाठी. मग तुझ्या बापासाठी. आता कोणासाठी, ते मलाही आठवत नाही."

मी उठले. तिला मिठी मारावी असं वाटत होतं आणि तिच्या अंगाला हातही लावू नये असंही वाटत होतं. शेवटी मी तिला दप्तरातली पत्रिका दिली आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. तिनं चष्मा शोधला, वाचलं. पुन्हा वाचलं.

"परत?" ती म्हणाली. एवढंच.

मी घरी येताना पुलावरून आले. काळा नऊ दिसत नव्हता. खाली वस्तीत शिडीची आई पत्र्यावर दगड ठेवत होती आणि शिडी गादीची वळकटी करून उंबऱ्यावर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी पंखा फिरवल्याची खूण केली. पंखा लावा, पंखा. लांबूनही तिचे दात दिसत होते.

घरी पडदा पूर्ण झाला होता. आईनं तो भिंतीला लावून बघितला होता, अर्धी खोली त्यानं भरली होती. सोनेरी आगळीखाली पप्पा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या पायाशी कापडात गुंडाळलेली नवी आगळ होती.

"कुठे होतीस?" आईनं विचारलं. "पाळकसाहेबांचा दोनदा फोन आला. उद्या सकाळी शेवटचा सराव."

"आत्याआजीकडे."

पप्पांनी मान वर केली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना सांगावं लागणार नाही. किती वर्षांपूर्वी कळलं होतं त्यांना? दार कारखान्यात आल्यावर? का लहानपणीच, आजोबांच्या मांडीवर बसून, बाक वाजताना आजोबांचे हात कसे होतात ते बघून?

"काय झालंय?" आई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "अगं, कोणीतरी बोला."

मी सांगितलं. आईला पहिल्यांदा, उभ्या उभ्या, सगळं. खांद्यावरचं, पायऱ्यांचं, बाईचं. आई मशीनच्या स्टुलावर बसली आणि तिचा हात आपसूक चाकावर गेला, पण तिनं ते फिरवलं नाही.

"तू हे तिथं बोललीस," पप्पा म्हणाले, "तर त्या चर्चमध्ये आपल्याला बसता येणार नाही."

"माहीत आहे."

"तुला पुन्हा कोणी बोलायला उभं करणार नाही. पाळकसाहेब तर नाहीच. तुला कळतंय का?"

ते मला सगळ्यात जास्त कळत होतं. हा आवाज त्यांनी मला शोधून दिला होता, आणि तो त्यांना कशासाठी हवा होता ते मला आता माहीत होतं. मी बिल्ला काढला. टाचणी बोटाला लागली. मी तो मशीनवर, आईच्या दोरे-कात्रीशेजारी ठेवला.

"गोष्ट मीच सांगणार," मी म्हणाले. "पत्रिकेत माझं नाव आहे, ते मी कोणाला देणार नाही. उद्या सरावाला जाणार नाही. रविवारी जाणार, आत्याआजीला घेऊन. ती हो म्हणाली नाहीये अजून, पण तिनं चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचलीय. ती नाही आली तर मी एकटी सांगेन. आजोबांचं नाव घेऊन. सात माणसं, तिसरी पायरी, सगळं. हात वर करायच्या आधी. मग ज्याला करायचा त्यानं हात वर करावा. आणि पप्पा, ते रविवारचं झालं. पाणी आज लालवर गेलंय. शिडीच्या घरचे पाच जण आहेत आणि शेजारची म्हातारी. मी आत्ता जाऊन त्यांना तुमच्या कारखान्यात आणतेय. लाकडं एका बाजूला करायला तुम्ही आलात तर लवकर होईल. नाही आलात तरी मी आणणार आहे."